जुने जोड-कार्बोरेटर, फ्लॅटहेड व्ही-८ आणि सहाशे डॉलर: सुरुवात कुठून करावी?

पाटा स्प्रिंग (धागाकर्ता)

मंडळी, थेट मुद्द्यावर येतो. माझ्याकडे १९२९ च्या फोर्ड मॉडेल ए ची बॉडी असलेला हॉट रॉड आहे. आत १९५० च्या फोर्डचं ८बीए फ्लॅटहेड व्ही-८, २३९ घन इंचांचं (फ्लॅटहेड म्हणजे व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये नि वर सपाट झाकण; ८बीए हा फोर्डचा इंजिन-क्रमांक). इंजिन निरोगी आहे, आठही सिलिंडरांत कॉम्प्रेशन जवळपास सारखं मिळतं. वर ऑफनहाउझर कंपनीचा दोन कार्बोरेटरवाला जुना मेनिफोल्ड (कार्बोरेटरमधलं पेट्रोल-हवेचं मिश्रण सिलिंडरांकडे नेणारा भाग), आणि त्यावर एक स्ट्रॉमबर्ग ९७ नि एक हॉली ९४. दोन्ही कार्बोरेटर आतून पांढरट-हिरवे पडलेत. गाडी सुरू होते, पण आयडलला (अ‍ॅक्सिलरेटर सोडल्यावर) टिकत नाही, काळा धूर मारते आणि अ‍ॅक्सिलरेटर झटकन दाबला की गुदमरते.

बजेट सगळं मिळून सहाशे डॉलर. नव्या बनावटीच्या ९७ ची जोडी घेतली तर तेवढ्यातच ते ओलांडतं. मला जुनेच दुरुस्त करून वापरायचे आहेत. मेनिफोल्ड त्या काळातला आहे, त्यावर त्या काळातलेच कार्बोरेटर शोभतात, आणि दोन्ही एकदम उघडले की जो आवाज येतो तो मला हवा आहे. ओहायोत राहतो. गॅरेजमध्ये व्हाइस, ड्रिल प्रेस आणि साधी हत्यारं आहेत, लेथ नाही. पैसे कुठे घालावेत आणि कुठे वाचवावेत?

प्रश्नचिन्ह

वाचतेय. पण आधी कोणीतरी सांगा, हॉट रॉड म्हणजे नक्की काय? आणि एका इंजिनाला दोन कार्बोरेटर कशाला?

जुनाट लोखंड

प्रश्नचिन्ह ताई, छान विचारलंत. मी लॉस एंजलिसच्या बाजूला बरीच वर्षं काढली, त्यामुळे हा विषय निघाला की मला थांबवणं अवघड जातं.

१९३२ साली फोर्डने व्ही-८ इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत आणलं. २२१ घन इंच, ६५ अश्वशक्ती. काही वर्षांत या गाड्या जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागल्या. दक्षिण कॅलिफोर्नियातली पोरं त्या घ्यायची, मडगार्ड, बॉनेट, जे जड आणि बिनकामाचं ते काढून टाकायची आणि म्युरॉक, एल मिराज इथल्या कोरड्या तलावांच्या सपाट पात्रात वेग लावायची. १९३७ मध्ये क्लबांनी मिळून एससीटीए (सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन) ही संघटना काढली. युद्धानंतर सैन्यातून परतलेल्या तरुणांनी हा छंद देशभर नेला, १९४९ पासून बॉनव्हिलच्या मिठागरावर स्पीड वीक सुरू झाला. अशा उतरवलेल्या, वेगासाठी घडवलेल्या जुन्या गाड्या म्हणजे हॉट रॉड.

आता दोन कार्बोरेटर. कारखान्याने दिलेला एकच कार्बोरेटर कुटुंबाला घेऊन शांत जाण्यापुरता असतो. इंजिन जास्त फिरवायचं तर जास्त हवा हवी. मोठा कार्बोरेटर विकत घ्यायला पैसे नव्हते, पण १९३६ ते १९३८ च्या फोर्डांवर लागलेले स्ट्रॉमबर्ग ९७ भंगारात ढिगाने पडलेले होते. मग एकाच्या जागी दोन लावा, तीन लावा! ९७ हा आकडा व्हेंच्युरीच्या (कार्बोरेटरमधल्या हवेच्या अरुंद गळ्याच्या) मापाचा, ०.९७ इंच. म्हणजे पाटा स्प्रिंग, तुम्ही जे करताय तेच या छंदाचं मूळ आहे. जोड-कार्बोरेटर ही खिशात पैसे नसलेल्या पोरांची युक्ती होती. म्हणून जुने दुरुस्त करायचा तुमचा विचार मला शंभर टक्के पटतो.

गणिती

भावना समजल्या, पण आकडे बघू या. इंजिनाला लागणारी हवा = घन इंच × आरपीएम ÷ ३४५६. म्हणजे २३९ × ४५०० ÷ ३४५६ = ३११. फ्लॅटहेड पूर्ण श्वास घेत नाही, ८० टक्के धरा. अडीचशे सीएफएम (मिनिटाला घनफूट) झाले. ९७ साधारण दीडशेचा धरतात, म्हणजे दोन पुरेसे आहेत, हे मान्य. पण ३९० सीएफएमचा एक छोटा चार-बॅरल (चार गळ्यांचा) कार्बोरेटर हेच काम करतो. एकच फ्लोट (पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता गोळा), एकच लिंकेज (थ्रॉटल उघडणाऱ्या दांड्या), दोन कार्बोरेटर सारखे करायची, म्हणजे सिंकची, भानगड नाही. रोज चालवायची असेल तर तोच लावा.

सातारकर डेट्रॉइट

गणिती, हिशोब बरोबर, पण चार-बॅरलला मेनिफोल्ड दुसरा लागणार. फ्लॅटहेडचा चांगला चार-बॅरल मेनिफोल्ड आणि वर कार्बोरेटर, इथेच सहाशे संपले. हातात आहे ते ठीक करणं जास्त स्वस्त पडेल. बाकी सविस्तर उद्या लिहितो, शिफ्ट आहे.

कोल्हापुरी लेथ

मी फ्लॅटहेड कधी हाताळलं नाही, पण कार्बोरेटर खूप केलेत. पाटा स्प्रिंग भाऊ, किट आणायच्या आधी एक काम करा. थ्रॉटलची (हवा कमी-जास्त करणाऱ्या झडपेची) शाफ्ट धरून वर-खाली हलवून बघा. लटलट लागली तर कितीही साफ करा, नवे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी पितळी भोकं) घाला, आयडल बसणार नाही, कारण शाफ्टच्या कडेने हवा आत शिरते. जुन्या जोडीचा हाच खरा आजार. लोक चकचकीत पॉलिशवर पैसे घालतात आणि शाफ्ट तशीच ठेवतात.

इलाज म्हणजे बेसची भोकं रीमरने मोठी करून ब्राँझचे बुश बसवायचे. दोन्ही बाजूंचे बुश एका रेषेत रीम झाले पाहिजेत, नाहीतर शाफ्ट अडकते. हे ड्रिल प्रेसवर करू नका, मशीनवाल्याकडून करून घ्या. आणि बटरफ्लायच्या (शाफ्टवरच्या चकतीच्या) स्क्रूंची टोकं कारखान्यात ठोकून फुलवलेली असतात. ती फुललेली टोकं आधी कानशीने घासून मगच स्क्रू सोडवा, नाहीतर स्क्रू शाफ्टमध्येच तुटेल. परत लावताना नवे स्क्रू घ्या, लॉकटाइट लावा आणि टोकं पुन्हा ठोका. सुटलेला स्क्रू सरळ इंजिनात जातो.

फ्लोट पितळी असेल तर गरम पाण्यात बुडवा. बुडबुडे आले की भोक आहे. डाग देताना शिसं कमीत कमी, वजन वाढलं की लेव्हल बदलते.

मंजिरी के

लेथ दादांचं वाचून आनंद झाला. मी रसायनशास्त्रवाली, गाड्यांमधली नाही, पण साफसफाईबद्दल कळकळीने सांगते: व्हिनेगर वापरू नका. इंटरनेटवर जिथे तिथे हा सल्ला सापडतो. या कार्बोरेटरांचा बाउल (पेट्रोल साठणारी वाटी) आणि वरचं झाकण जस्ताच्या मिश्रधातूचं असतं आणि जस्त आम्लात विरघळतं. कॉस्टिक सोड्यातही विरघळतं, त्यामुळे ओव्हन साफ करायचं द्रवही नको. खालचा बेस ओतीव लोखंडाचा आहे, त्याच्यासाठी गंज काढायचा द्रव चालेल, पण तो वेगळा करून.

जस्ताच्या भागांसाठी सौम्य साबणाचं कोमट पाणी आणि अल्ट्रासॉनिक टब. थोडा थोडा वेळ ठेवा, जास्त ठेवलं तर धातू काळा पडतो. नंतर लगेच हवा मारून प्रत्येक मार्ग कोरडा करा. पांढरी पूड दिसते ती जस्ताचा गंज, पाण्यामुळे आलेला. इथेनॉल हवेतली आर्द्रता ओढून घेतं. अमेरिकेत बहुतेक पंपांवर १० टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे गाडी महिनोन्महिने उभी राहिली की बाउलच्या तळाशी हेच होणार. हिवाळ्यात गाडी ठेवताना बाउल रिकामे करा, किंवा बिनइथेनॉलचं पेट्रोल मिळत असेल तर ते भरा.

जुनाट लोखंड

मंजिरी ताई, अगदी अगदी! माझी पुरवणी: जेटच्या भोकात पोलादी तार किंवा ड्रिल घालू नये. पितळ मऊ असतं, भोक मोठं होतं आणि मग छापलेल्या आकड्याला अर्थ उरत नाही. तांब्याच्या वायरीची एक बारीक तार पुरते. झाकण वाकलेलं असेल (बहुतेक असतंच, कारण लोक स्क्रू आवळत सुटतात) तर सपाट काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून हलक्या हाताने घासा. याला फक्त वेळ लागतो, पैसे नाहीत.

आरडीवेडा

दोन कार्बोरेटर म्हटलं की आम्हा पुणेकरांना राजदूत ३५० च आठवणार. दोन सिलिंडर, दोन मिकुनी. एका केबलच्या दोन शाखा. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलतात का, हे फिल्टर काढून बोटाने चाचपून बघायचं. केसभर फरक राहिला तरी गाडी आयडलला रडते. ट्यून झाली की मात्र तो आवाज! पाटा स्प्रिंग, तुमच्या आवाजाच्या हट्टाला माझं +१. तुमच्याकडे सिंक कसं करतात?

सातारकर डेट्रॉइट

आलो. आरडीवेडा, पद्धत वेगळी, तत्त्व तेच. आधी दोन कार्बोरेटरांमधली लिंकेज सोडायची. इंजिन पूर्ण गरम करायचं. प्रत्येकाच्या तोंडावर हवामापक धरायचा (चाळीस-पन्नास डॉलरचं उपकरण आहे, घ्याच) आणि आयडलचे स्क्रू फिरवून दोन्हींचा आकडा सारखा आणायचा. मग मिश्रणाचे स्क्रू, प्रत्येकी दोन म्हणजे एकूण चार. हलकेच आत बसवून दीड फेरा बाहेर, तिथून व्हॅक्यूम गेज बघत एकेक चतकोर फेरा. शेवटी लिंकेज अशी जोडायची की जोडताना कुठलीच बटरफ्लाय हलता कामा नये. बैलजोडीतला एक ओढतोय नि दुसरा नुसताच चालतोय, असं झालं की नांगर वाकडा जाणारच.

पण पाटा स्प्रिंग, हे सगळं नंतरचं. मला दोन प्रश्नांची उत्तरं द्या. एक, डिस्ट्रिब्युटर (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) ८बीए चा मूळचाच आहे का? दोन, त्याची व्हॅक्यूमची नळी कुठे जोडलेली आहे?

पाटा स्प्रिंग

सगळ्यांचे मनापासून आभार, वही काढून लिहून घेतोय. दोन्ही कार्बोरेटर उघडले. ९४ ची शाफ्ट चांगलीच लटलटते, ९७ ची कमी. ९७ मधला एक मेन डिस्चार्ज जेट जाम आहे, हलायलाच तयार नाही. आतल्या पंपांची (अ‍ॅक्सिलरेटर दाबला की जादा पेट्रोल मारणाऱ्या) चामडी वॉशर वाळून खडखडीत.

सातारकर, डिस्ट्रिब्युटर मूळचाच. नळी मेनिफोल्डला जोडली आहे.

सातारकर डेट्रॉइट

सापडलं! गाडी गुदमरते याचं मोठं कारण तिथे आहे.

१९४९ ते ५३ च्या फोर्ड फ्लॅटहेडवर लोडोमॅटिक नावाचा डिस्ट्रिब्युटर येतो. इतर डिस्ट्रिब्युटरांत वेग वाढला की आतली वजनं बाहेर फेकली जातात आणि स्पार्क पुढे सरकतो, म्हणजे ठिणगी लवकर पडते; यालाच अ‍ॅडव्हान्स म्हणतात. लोडोमॅटिकमध्ये ती वजनंच नाहीत. त्याचा सगळा अ‍ॅडव्हान्स कार्बोरेटरकडून येणाऱ्या व्हॅक्यूमवर चालतो, आणि हा व्हॅक्यूम त्याच काळच्या हॉली ९४ मध्ये खास केलेल्या मार्गातून येतो, व्हेंच्युरीतली ओढ आणि थ्रॉटलजवळची ओढ मिळून. स्ट्रॉमबर्ग ९७ ला तो मार्गच नाही, तो आधीच्या इंजिनांसाठी बनलेला.

तुमची नळी सरळ मेनिफोल्डवर आहे. तिथे आयडलला व्हॅक्यूम भरपूर, म्हणजे स्पार्क पुढे. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की व्हॅक्यूम कोसळतो आणि नेमकी गरज असताना स्पार्क मागे येतो. कार्बोरेटर कितीही उत्तम केलेत तरी हे राहणारच. मेकॅनिकल अ‍ॅडव्हान्सवाला डिस्ट्रिब्युटर हवा. जीएमचा जुना पॉइंटवाला डिस्ट्रिब्युटर फ्लॅटहेडला बसेल असा रूपांतरित करून मिळतो, तो चांगला. बजेटचा मोठा घास तिथे ठेवा.

दुसरं, ९७ आणि ९४ एकत्र ठेवू नका. तीन बोल्टचा तळ सारखा म्हणून दोन्ही बसतात, पण आतली रचना वेगळी, पंप वेगळा, पॉवर व्हॉल्व्ह (जोर लागला की जादा पेट्रोल देणारा) वेगळा. ९७ चा व्हॉल्व्ह पंपाच्या दांड्याने उघडतो, ९४ चा व्हॅक्यूमवर. दोघांची एकसारखी वागणूक कधीच होणार नाही. एकाच जातीची जोडी करा.

जुनाट लोखंड

डिस्ट्रिब्युटरबद्दल थोडा मतभेद. ८बीए च्या काळच्या दोन ९४ लावल्या आणि दोघांचे व्हॅक्यूम मार्ग एकत्र जोडले तर लोडोमॅटिक चालतो. माझ्या ओळखीत असे रॉड आहेत आणि रोज फिरतात. सहाशे डॉलरवाल्याला आधी हे करून बघू द्या ना.

सातारकर डेट्रॉइट

काका, चालतो, पण अर्धवट. एका कार्बोरेटरची हवा दोघांत वाटली की प्रत्येक व्हेंच्युरीतून निम्मीच जाते. हवा निम्मी झाली की व्हेंच्युरीची ओढ निम्मी नाही, पाव होते. दोन नळ्या जोडून ती वाढत नाही. त्यामुळे स्पार्क मूळच्यापेक्षा मागेच राहतो. रोज फिरत असतील, पण इंजिनात आहे तेवढी ताकद मिळत नसणार.

जुनाट लोखंड

पाव हा मुद्दा पटला. तरी क्रम म्हणून मी म्हणेन: आधी दोन ९४, मग पैसे उरले की डिस्ट्रिब्युटर. फक्त तो ९७ विकू नका हो, जीव तुटतो!

गणिती

उलट ९७ च विकायचा. त्याला ९४ पेक्षा जास्त किंमत येते. एक ९७ विकून एक ९४ घेतली तरी वर पैसे राहतील. जाम जेटची गोष्ट मात्र विकताना स्पष्ट सांगा.

प्रश्नचिन्ह

मला आता स्वप्नात व्हेंच्युरी दिसणार. आपल्याकडे भारतात असा रॉड बनवून रस्त्यावर आणता येईल का?

आरडीवेडा

अवघड आहे. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा २०१९ चा निकाल बघता, कारखान्याच्या मूळ रचनेत एवढा फेरफार चालत नाही. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांचे नियम आले, ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी, पण तिथेही गाडी मूळ रूपात हवी. आमच्या राजदूतला पन्नाशी गाठायला अजून वेळ आहे. तोपर्यंत २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पिऊन तिचे ओ-रिंग टिकले म्हणजे मिळवलं.

जुनाट लोखंड

कॅलिफोर्नियात १९७५ आणि त्याआधीच्या पेट्रोल गाड्यांना धुराची तपासणी माफ आहे. अवांतर संपवतो.

टेक्सासची माधवी

आमच्याकडे जरा वेगळं प्रकरण. नवऱ्याची १९६५ ची पॉन्टियाक जीटीओ, ३८९ इंजिन, ट्राय-पॉवर, म्हणजे रॉचेस्टरचे तीन दोन-बॅरल कार्बोरेटर. हात मात्र जास्त माझेच काळे होतात. तिनात लिंकेज प्रोग्रेसिव्ह असते. मधला कायम चालतो, कडेचे दोन जास्त दाबल्यावरच उघडतात. कडेच्यांना चोक नाही, आयडलचे स्क्रू नाहीत. त्यामुळे त्यांच्या बटरफ्लाय घट्ट मिटल्या पाहिजेत, उजेडासमोर धरून बघायचं. बारीक फट दिसली तरी आयडल बिघडतं आणि माणूस उगाच मधल्याला छळत बसतो.

पाटा स्प्रिंग, दोन कार्बोरेटर असतील तर प्रोग्रेसिव्हच्या मागे लागू नका, दोन्ही एकत्र उघडू द्या. आणि थ्रॉटलला परत ओढणाऱ्या स्प्रिंगा दोन लावा, एक तुटली तर दुसरी असावी. यावर काटकसर नको.

कोल्हापुरी लेथ

माधवी ताईंच्या शेवटच्या वाक्याला माझं अनुमोदन.

सातारकर डेट्रॉइट

सुरक्षेचा विषय निघालाच आहे तर पेट्रोलचा दाब. हे जुने कार्बोरेटर अडीच ते तीन पीएसआय सहन करतात. टाकीतून पेट्रोल आणणारे आजकालचे बरेच पंप पाच-सहा देतात. मग निडल (बाउलमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) सीटवरून उचलली जाते, बाउल भरून वाहतो आणि गरम इंजिनावर पेट्रोल सांडतं. तुमचा काळा धूर कदाचित यातूनच येत असेल. प्रेशर गेज लावून मोजा, जास्त असेल तर रेग्युलेटर बसवा. आणि गाडीत अग्निशामक ठेवा, हाताला पोचेल असा.

पाटा स्प्रिंग

दाब मोजला. पाचच्या वर! मागच्या मालकाने इलेक्ट्रिक पंप लावलाय.

ठरलं ते असं. स्प्रिंगफिल्डच्या स्वॅप मीटला (जुन्या भागांच्या बाजारात) ८बीए काळातली आणखी एक ९४ साठ डॉलरला मिळाली. दोन किट सत्तर. दोन्ही बेसना बुश घालायला गावातल्या मशीनवाल्याने एकशे वीस सांगितले. हवामापक पंचेचाळीस, रेग्युलेटर चाळीस. एकूण ३३५. उरले २६५, त्यात ९७ चे पैसे घालून डिस्ट्रिब्युटर. लोखंड काका, माफ करा, ९७ गेला. पण ज्याने घेतला तो १९३४ च्या फोर्डवर तिन्ही ९७ लावतोय, त्यामुळे चांगल्या घरी पडला.

जुनाट लोखंड

मग माझी काहीच तक्रार नाही. त्याला सांगा, फोटो पाठव.

मंजिरी के

बुश घातल्यावर रीमरचा बारीक कीस मार्गांत राहतो. जोडण्याआधी बेस पुन्हा धुऊन हवा मारा, हे विसरू नका.

पाटा स्प्रिंग

आज सगळं जोडून गाडी चालवली. आयडल स्थिर! धूर नाही. नव्या डिस्ट्रिब्युटरने गुदमरणं जवळपास गेलं आणि आवाज जसा हवा होता तसाच. दोन गोष्टी उरल्यात. प्लग अजून थोडे काळे येतात, आणि थांबलेल्या गाडीला एकदम झटका दिला की क्षणभर जड वाटतं, मग सुटते. एवढ्यासाठी परत उघडावं लागेल का?

सातारकर डेट्रॉइट

वा! अभिनंदन. बाउल उघडायची गरज नाही. ९४ च्या पंपाच्या दांडीला तीन भोकं असतात, ती कमी-जास्त स्ट्रोकसाठी. तुमची दांडी बहुधा मधल्या किंवा लांब स्ट्रोकच्या भोकात असणार. एका कार्बोरेटरला ते ठीक, पण आता दोन पंप एकदम पिचकारी मारतात, म्हणजे दुप्पट पेट्रोल. दोन्हीकडे सगळ्यात लहान स्ट्रोकवर आणा आणि मग तोच झटका देऊन बघा.

प्लग काळे येणं मेन जेटकडे बोट दाखवतं. दोन-तीन आकडे लहान जेट दोन्हीत सारखेच घाला, मोकळ्या रस्त्यावर स्थिर वेगाने चालवून, तिथेच इंजिन बंद करून प्लग काढा. गावात आयडलवर फिरून आलेल्या प्लगवरून काही ठरवू नका. बदल एका वेळी एकच करा, आधी पंप.

टेक्सासची माधवी

आणि जेट बदलण्याआधी पॉवर व्हॉल्व्हखालचं पॅकिंग तपासा. ९४ तिथे झिरपते असं इथल्या फ्लॅटहेडवाल्यांकडून नेहमी ऐकते, आणि झिरपली की प्लग असेच काळे येतात. पॅकिंग दोन डॉलरचं आहे.

पाटा स्प्रिंग

माधवी ताई, किटमध्ये दोन जास्तीची आहेत. आधी पंप, मग पॅकिंग, मग जेट. शनिवारी कळवतो.